वचन, वही आणि मुनीम

किराणा दुकानातली ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आपण सर्वांनीच वाचलेली आहे. तिच्यातला विनोद क्षणभर बाजूला ठेवला, तर व्यवहाराचे दोन प्रकार तिने नेमके सांगितले आहेत असे दिसेल. रोखीच्या व्यवहारात देणे आणि घेणे एकाच क्षणी घडते. साखर पिशवीत पडते, पैसे गल्ल्यात पडतात, आणि गोष्ट संपते. उधारीत मात्र देणे आणि घेणे यांच्यामध्ये काळ जातो. मग प्रश्न निर्माण होतात. मधल्या काळात व्यवहार झाला म्हणायचा की नाही? वहीत काय लिहायचे? आणि समोरच्याने शब्द पाळलाच नाही तर?

हा प्रश्न जितका व्यापाऱ्याचा, तितकाच आज संगणकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याचाही आहे. मोबाइलच्या पडद्यावर आपण बटण दाबतो, निरोप दूरच्या संगणकाकडे जातो आणि उत्तर यायला थोडा वेळ लागतो. त्या वेळात प्रोग्रामने काय करायचे? गेल्या पन्नास वर्षांत संगणकशास्त्रज्ञांनी यावर जे उत्तर शोधले, त्याला त्यांनी नाव दिले ‘प्रॉमिस’, म्हणजे वचन. आपल्या खानदेशातून जाणाऱ्या एका जुन्या व्यापारी रस्त्यावर याच प्रश्नाचे उत्तर कागदाच्या चिठ्ठीने दिले जात होते. ती चिठ्ठी आधी पाहू, म्हणजे संगणकातले वचन समजायला सोपे जाईल.

बऱ्हाणपूर ते सुरत

मोगल काळात बऱ्हाणपूर हे खानदेश सुभ्याचे मुख्य ठिकाण होते. आज ते मध्य प्रदेशात आहे. तिथला कापडाचा व्यापार मोठा, आणि परदेशी जाणाऱ्या मालाचे बंदर सुरत. झां बाप्तिस्त ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात या रस्त्याने गेला. त्याचे प्रवासवर्णन १६७६ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्याने मुक्कामांची यादी दिली आहे. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा ही आपल्या ओळखीची गावे तीत आहेत. म्हणजे आजचे नंदुरबार, धुळे आणि जळगाव हे तिन्ही जिल्हे ओलांडून हा रस्ता बऱ्हाणपूरला पोचत असे.

आता कल्पना करा, बऱ्हाणपूरच्या एका व्यापाऱ्याला सुरतेत हजार रुपये द्यायचे आहेत. चांदीची हजार नाणी बैलगाडीत घालून इतक्या लांब न्यायची म्हणजे जिवाची आणि पैशाची दोन्हीची जोखीम. म्हणून तो नाणी नेत नसे. तो गावातल्या सराफाच्या पेढीवर ती भरी आणि त्याबदली हुंडी घेई. सराफ आपल्या सुरतेच्या आडत्याला उद्देशून लिही की, ही चिठ्ठी आणणाऱ्या अमुक माणसाला हजार रुपये द्यावेत. कागद सुरतेला पोचला की तिथे पैसे मिळत. नाणी जागची हलतच नसत.

या कामाचा मोबदलाही ठरलेला असे. ताव्हेर्निएने सुरतेवरच्या हुंडीचे दर गावागावांप्रमाणे नोंदवले आहेत. बऱ्हाणपूरहून शेकडा अडीच ते तीन, तर थेट ढाक्याहून शेकडा दहा. हजार रुपयांना बऱ्हाणपूरहून पंचवीस-तीस आणि ढाक्याहून शंभर रुपये. अंतर वाढले की थांबण्याचा काळ वाढतो आणि जोखीमही वाढते. तिची किंमत या दरांत दिसते.

हुंडीचे प्रकार पाहिले तर मधल्या काळाचा विचार किती बारकाईने केलेला होता हे लक्षात येते. दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी हुंडी. ठरलेले दिवस भरल्यावर द्यायचे ती मुदती हुंडी. माल सुखरूप पोचला तरच पैसे देणे लागते, वाटेत बुडाला तर नाही, ती जोखमी हुंडी. रक्कम लिहिण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. आकड्यात हजार, अक्षरांत हजार, आणि शिवाय ‘निमे पाचशे, त्याचे दुप्पट’ असे लिहीत. कोणी एक शून्य वाढवले, तर निम्मी रक्कम जुळणार नाही आणि लबाडी लगेच उघडी पडेल. संगणकात माहिती पाठवताना तिच्यासोबत ताळा पाहण्यासाठी एक जादा आकडा जोडतात, त्यातला विचार हाच आहे.

हुंडी नाकारली तर

सुरतेच्या पेढीने हुंडी मान्य केली की ती ‘सकारली’ असे म्हणत. पैसे देऊन झाले की त्या कागदाला ‘खोखा’ म्हणत. खोखा म्हणजे आतले मोल निघून गेलेला कागद. तो पुन्हा कुणी दाखवला, तरी त्यावर दमडी मिळत नसे.

पण आडत्याने हुंडी नाकारली तर? या ‘तर’ची सोय आधीच केलेली असे. हुंडीबरोबर काही वेळा ‘जिकरी चिठ्ठी’ देत. ती त्याच गावातल्या दुसऱ्या एखाद्या पेढीच्या नावे असे. पहिल्याने नाकारल्यास तुम्ही ही हुंडी सकारावी, अशी विनंती तीत असे. तिथेही काम झाले नाही, तर हुंडी परत येई आणि ती लिहिणाऱ्याला मूळ रकमेखेरीज ‘निकराई-सिकराई’ या नावाची भरपाई द्यावी लागे. आणि हुंडी वाटेत हरवली तर? तिची दुसरी प्रत काढत, तिला ‘पेठ’ म्हणत. तीही हरवली तर तिसरी, ‘परपेठ’. पहिल्या हुंडीवर पैसे दिले नसतील तरच या प्रतीवर द्यावेत, हे प्रतीत स्पष्ट केलेले असे. नाहीतर एकाच देण्याचे पैसे दोनदा गेले असते.

अशा रीतीने हुंडीचा शेवट दोनपैकी एकाच वाटेने होई. ती सकारली जाई किंवा नाकारली जाई. तोपर्यंत ती उभी असे. उभ्या हुंडीचे पैसे सुरतेचा व्यापारी आपल्या रोजमेळात जमा धरत नसे. रोजमेळ म्हणजे दररोजच्या जमाखर्चाची वही. तीत घडलेले लिहायचे, घडेल असे वाटते ते नाही. हा भेद सांभाळणे हे मुनीमाचे काम. पेढीवर आलेली प्रत्येक चिठ्ठी आधी त्याच्या हाती जाई. कोणती तडक वहीत न्यायची आणि कोणती बाजूला ठेवून तिच्या उत्तराची वाट पाहायची, हे तो ठरवी.

पुढे काळ बदलला. १८६०च्या दशकात रेल्वे खानदेशात आली. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि इथल्या कापसाला भाव आला. जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली. १९०० साली चाळीसगावहून धुळ्याला रेल्वेचा फाटा गेला. रेल्वे आणि तार यांनी थांबण्याचा काळ आठवड्यांवरून दिवसांवर आणला, पण तो शून्य काही केला नाही. म्हणून हुंडीही टिकली. १८८१ साली सरकारने चेक आणि वचनचिठ्ठ्यांसाठी कायदा केला, तेव्हा देशी भाषांतल्या अशा कागदांच्या स्थानिक रूढींना हात लावलेला नाही असे त्यात मुद्दाम म्हटले गेले.

एकच कारकून

आता जावास्क्रिप्टकडे वळू. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीसाठी तयार केली. तिचा पहिला नमुना त्यांनी दहा दिवसांत लिहिला होता. आज बहुतेक सर्व वेबपानांत हीच भाषा चालते. तिचा एक स्वभाव लक्षात ठेवायला हवा. ती एका वेळी एकच काम करते. जणू खिडकीवर एकच कारकून बसलेला आहे. त्याने एखाद्या गिऱ्हाइकासाठी दूरच्या कचेरीत चौकशी केली आणि उत्तर येईपर्यंत तो हातावर हात ठेवून बसून राहिला, तर मागची सारी रांग खोळंबेल. वेबपानावर हे घडले, तर पान गोठते. बटणे दाबली जात नाहीत, अक्षरे उमटत नाहीत.

म्हणून सुरुवातीपासून या भाषेत दुसरी युक्ती वापरली गेली. काम सोपवताना सांगून ठेवायचे, ‘उत्तर आले की हे हे कर.’ या सूचनेला ‘कॉलबॅक’ म्हणतात. एका कामापुरती ही युक्ती छान आहे. पण पहिल्या उत्तरावर दुसरे काम आणि दुसऱ्यावर तिसरे अवलंबून असेल, तर सूचनेच्या पोटात सूचना, तिच्या पोटात आणखी सूचना अशी गुंतागुंत होते. शिवाय प्रत्येक पायरीवर ‘आणि काम फसले तर’ हे वेगळे लिहावे लागते. माणूस ते एखाद्या ठिकाणी विसरतोच.

वचनाची चिठ्ठी

याचे उत्तर जावास्क्रिप्टच्या जन्माआधीच तयार होते. १९७६ साली डॅनियल फ्रीडमन आणि डेव्हिड वाइज यांनी, अजून हाती न आलेल्या उत्तरासाठी ‘प्रॉमिस’ हा शब्द वापरला. १९७७ साली हेन्री बेकर आणि कार्ल हेविट यांनी अशाच कल्पनेला ‘फ्यूचर’, म्हणजे भविष्य, असे नाव दिले. १९८८ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील बार्बरा लिस्कोव्ह आणि ल्युबा श्रीरा यांनी, एकमेकांपासून दूर असलेल्या संगणकांच्या संदर्भात तिची नीट मांडणी केली. वचनातून उत्तर येईल तसे ‘काम फसले’ हेही येईल, ही बाजू त्यांनी मांडणीतच धरली होती.

कल्पना अशी. दूरचे काम सोपवताच त्याचे उत्तर मिळणार नाही, पण एक चिठ्ठी ताबडतोब मिळेल. ती हाती घेऊन पुढच्या कामाला लागा. चिठ्ठीची अवस्था तीनपैकी एक असेल: प्रलंबित, पूर्ण किंवा नाकारलेली. प्रलंबित चिठ्ठी एकदाच बदलते. पूर्ण झालेली पुन्हा नाकारली जात नाही आणि नाकारलेली पुन्हा पूर्ण होत नाही. खोखा पुन्हा वटत नाही, तसेच हे.

जावास्क्रिप्ट वापरणाऱ्यांनी आधी ही सोय आपापल्या परीने बांधली. मग तिचे सर्वांसाठी समान नियम ठरले आणि २०१५ साली प्रॉमिस भाषेच्या अधिकृत प्रमाणात दाखल झाले. त्यात ‘देन’ या शब्दाने उत्तर आल्यावर काय करायचे ते सांगतात आणि ‘कॅच’ या शब्दाने नकार आल्यावर काय करायचे ते सांगतात. एकामागून एक दहा कामे असली, तरी शेवटी एकच ‘कॅच’ लिहून सर्वांच्या नकाराची सोय करता येते. जिकरी चिठ्ठीचे काम इथे ‘कॅच’ करते.

उपमेची मर्यादाही सांगायला हवी. हुंडी हे कायद्याने आणि रूढीने बांधलेले देणे होते, ते हस्तांतरही करता येई. जावास्क्रिप्टमधले वचन कोणालाही बांधत नाही. ते फक्त उत्तरासाठी राखून ठेवलेली जागा आहे. आणि एक महत्त्वाचा फरक म्हणजे मुदती हुंडीला मुदत असते, या वचनाला ती आपोआप नसते. उत्तर कधीच आले नाही, तर चिठ्ठी कायम प्रलंबित राहील. मुदत घालणे हे प्रोग्राम लिहिणाऱ्याचे काम.

वही आणि मुनीम

वचन मिळाले तरी वहीचा प्रश्न उरलाच. मोठ्या वेबपानाला बरेच काही लक्षात ठेवावे लागते. कोण वापरतो आहे, यादीत काय निवडले, पैसे भरले की नाही. ही माहिती दहा ठिकाणी विखुरली, तर एका कोपऱ्यात ‘भरले’ आणि दुसऱ्या कोपऱ्यात ‘बाकी’ असे दिसू लागते. २०१५ साली डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी ‘रिडक्स’ नावाची व्यवस्था तयार केली. तिचा नियम साधा आहे. सर्व माहिती एकाच वहीत ठेवायची. वहीत थेट खाडाखोड करायची नाही. बदल हवा असेल तर काय घडले ते सांगणारी चिठ्ठी पाठवायची. या चिठ्ठीला ‘अ‍ॅक्शन’ म्हणतात. मागची शिल्लक आणि आलेली चिठ्ठी यांवरून नवी शिल्लक काढण्याचा नियम म्हणजे ‘रिड्यूसर’.

हा नियम अगदी कोरडा असावा लागतो. तीच शिल्लक आणि तीच चिठ्ठी दिली, तर उत्तर दरवेळी तेच आले पाहिजे. त्याने मध्येच कुणाला फोन करायचा नाही, घड्याळ पाहायचे नाही, वाटही पाहायची नाही. असे असेल तरच मागच्या सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा एकामागून एक लावून चूक नेमकी कुठे झाली ते शोधता येते. ताळेबंद जुळला नाही की मुनीम रोजमेळ पहिल्यापासून तपासतो, तसेच.

मग दूरच्या संगणकाचे उत्तर या वहीत यावे कसे? त्यासाठी वहीच्या अलीकडे ‘मिडलवेअर’ बसवतात. मिडलवेअर म्हणजे आपला मुनीम. प्रत्येक चिठ्ठी वहीपर्यंत जाण्याआधी त्याच्या हातातून जाते. साधी चिठ्ठी असेल तर तो ती तशीच पुढे सरकवतो. चिठ्ठीत वचन गुंडाळलेले असेल तर ती वहीकडे जाऊ देत नाही. वचनाचा निकाल लागेपर्यंत तो वाट पाहतो आणि मग त्या निकालाची साधी चिठ्ठी वहीकडे धाडतो. वही मात्र वाट पाहत नाही, आणि कारकुनाची खिडकीही बंद पडत नाही.

या मुनीमाची घडण पायरीपायरीने झाली. सुरुवातीच्या ‘रिडक्स-प्रॉमिस’ या मिडलवेअरमधून निकाल लागल्यावरच चिठ्ठी पुढे जाई. काम सुरू झाले आहे, ही खबर वहीला नसे. त्यामुळे पडद्यावर ‘थांबा, काम चालू आहे’ असे दाखवायचे तर वेगळी खटपट करावी लागे. नंतरच्या ‘रिडक्स-प्रॉमिस-मिडलवेअर’मध्ये एका वचनामागे आरंभाची आणि निकालाची अशा वेगवेगळ्या चिठ्ठ्या निघू लागल्या: प्रलंबित, आणि मग पूर्ण किंवा नाकारलेले. पुढे रिडक्सच्या अधिकृत साधनसंचातही याच तीन अवस्था नावानिशी आल्या. हुंडी ‘उभी’ आहे, ही स्वतःच एक नोंद आहे. तिला वहीत जागा हवी, हे इथे पुन्हा मान्य झाले.

मध्येच अडकलेले पैसे

हे सारे प्रोग्रामरांपुरते राहिले असते, तर या मासिकात लिहिण्याचे कारण नव्हते. पण थाळनेरसारख्या गावातली एखादी विद्यार्थिनी आज परीक्षेचा अर्ज मोबाइलवर भरते. शेवटच्या दिवशी ती फी भरते. खात्यातून पैसे जातात आणि पडद्यावर चक्र फिरत राहते. अर्ज भरला गेला की नाही? पुन्हा बटण दाबावे का?

तिच्या या दोन प्रश्नांची उत्तरे प्रोग्राम लिहिणाऱ्याने आधीच दिलेली असावी लागतात. त्याने ‘पूर्ण’ आणि ‘नाकारले’ एवढेच लिहून ‘प्रलंबित’ वगळले असेल, तर पडदा तिला काहीच सांगू शकत नाही. त्याने मुदत घातली नसेल, तर चक्र फिरतच राहते. आणि दुसऱ्यांदा दाबलेले बटण ही पहिल्याच व्यवहाराची पेठ आहे, हे ओळखण्यासाठी दोन्ही निरोपांवर एकच व्यवहार क्रमांक नसेल, तर फी दोनदा कापली जाते. शेतमजूर घरातल्या मुलीसाठी ही किरकोळ गोष्ट नाही.

व्यवस्थेलाही हे मान्य करावे लागले. मोबाइलवरून पैसे देण्याची यूपीआय सेवा २०१६ साली सुरू झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या. यूपीआयने एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे खात्यातून गेले आणि समोर पोचले नाहीत, तर ते व्यवहारानंतर एका दिवसात आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या रकमेच्या बाबतीत व्यवहाराची पावती पक्की झाली नाही, तर पाच दिवसांत. त्याहून उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. निकराई-सिकराईचे हे नवे रूप म्हणता येईल.

वर्गात करून पाहा

हा धडा संगणकाशिवायही शिकवता येतो. पाच विद्यार्थी घ्या. एक गिऱ्हाईक, एक मुनीम, एक वही लिहिणारा आणि दोघे व्हरांड्यात बसलेले दूरचे आडते. गिऱ्हाइकाने मुनीमाला चिठ्ठ्या द्यायच्या. काही साध्या, ‘पेन विकले, १० रुपये जमा’ अशा. काही आडत्याला प्रश्न विचारणाऱ्या. वही लिहिणाऱ्याने तोंडातून शब्द काढायचा नाही, फक्त आलेली चिठ्ठी नोंदवायची. एका आडत्याने मुद्दाम उशिरा उत्तर द्यावे, तर दुसऱ्याने कधी नकार द्यावा आणि एखाद्या चिठ्ठीला उत्तरच देऊ नये.

दहा मिनिटांनी वही सर्वांना वाचून दाखवा. दुसरी विचारलेली गोष्ट पहिलीच्या आधी नोंदली गेली का? चिठ्ठीवर क्रमांक नसल्यामुळे कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाचे, असा गोंधळ झाला का? उत्तर न आलेल्या चिठ्ठीचे मुनीमाने काय केले? नियम मुलांनाच सुधारू द्या आणि खेळ पुन्हा खेळा. चिठ्ठीवर क्रमांक, वाट पाहण्याची मुदत, नकाराची वेगळी चिठ्ठी आणि ‘अजून उत्तर नाही’ अशी नोंद, या चार गोष्टींची गरज मुलांना खेळतानाच जाणवू लागेल. त्यानंतर बऱ्हाणपूरचा रस्ता नकाशावर दाखवावा आणि हुंडीची गोष्ट सांगावी. वरच्या वर्गांत जावास्क्रिप्ट शिकवत असाल, तर वचनाचा पहिला प्रोग्राम लिहायला देताना ‘कॅच’ नसलेले उत्तर अपुरे धरावे.